लाईट गेली, यूपीएस संपत आला, आणि व्हीएम अजून सस्पेंडच होतेय

म्हापशातल्या भाईंच्या ऑफिसचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यांचा फोन आला की मी आधी घड्याळ बघतो. पावसाळ्यात साडेनऊच्या आत आला तर समजायचं, रात्री म्हापशात लाईट गेली होती. "परत तेंच जालें रे," एवढंच ते म्हणतात. पुढचं मला पाठ आहे. विंडोज निळ्या पडद्यावर डिस्क तपासत बसलेलं असतं, फाइल सर्व्हर वर आलेला नसतो आणि ऑफिसातली सगळी माणसं चहा पीत माझी वाट बघत असतात.

एका पावसाळ्यात हे तीनदा झालं. त्यातली एक खेप १० तारखेच्या रात्रीची होती. दरमहा जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न) भरायची शेवटची तारीख ११ असते, तेव्हा दुसऱ्या दिवशी माझं काय झालं असेल ते हिशेबवाल्यांना सांगायला नको. त्यानंतर मी हा प्रकार मुळापासून तपासायचं ठरवलं. कारण एक निघालं नाही, तीन निघाली. एक दुरुस्त केलं की त्याच्या आड दडलेलं दुसरं दिसायचं. तुमच्याकडेही व्हीएम (एका संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) सस्पेंड करताना, म्हणजे आहे त्या स्थितीत थांबवून ठेवताना, डिस्क रांगायला लागत असेल तर हे वाचा. निदान माझ्यासारखी आधी नवी डिस्क तरी मागवू नका.

सेटअप साधा आहे. कपाटाशेजारी एक टॉवर सर्व्हर, ३२ जीबी रॅम, ७२०० आरपीएमच्या दोन हार्ड डिस्क मिररमध्ये. वर लिनक्स, त्यातली व्हीएम चालवायची सोय केव्हीएम आणि व्हीएमचा कारभार बघणारं लिबव्हर्ट. चार व्हीएम: दोन विंडोज, प्रत्येकी ८ जीबीच्या (एकीवर टॅली, दुसरीवर रिटर्नची बाकी कामं), ४ जीबीचा लिनक्स फाइल सर्व्हर आणि २ जीबीची एक माझी, बॅकअपसाठी. एकूण २२ जीबी. लाईट गेली की यूपीएस होस्टला (मूळ सर्व्हरला) कळवतो, होस्ट बंद व्हायला निघतो, आणि बंद होताना लिबव्हर्ट-गेस्ट्स ही सर्व्हिस प्रत्येक व्हीएम सस्पेंड करते. कागदावर छान दिसतं.

पुढच्या कमांड आणि सेटिंगची नावं मी बोलतो तशी लिहिलीत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.

सस्पेंड म्हणजे कुठलं सस्पेंड?

इथे शब्दांचा घोळ आहे आणि तो आधी निस्तरावा लागतो. लिबव्हर्टमध्ये "व्हर्श सस्पेंड" दिलं तर व्हीएम जागच्या जागी गोठते. तिची रॅम होस्टच्या रॅममध्येच राहते, डिस्कवर काही जात नाही, आणि वीज गेली की सगळं गेलं. रॅम डिस्कवर उतरवणारी कमांड वेगळी आहे, "व्हर्श मॅनेज्डसेव्ह". आता गंमत बघा: लिबव्हर्ट-गेस्ट्सच्या सेटिंगमध्ये "ऑन शटडाउन" पुढे "सस्पेंड" लिहिलं की ती सर्व्हिस चालवते मॅनेज्डसेव्ह. व्हीएमवेअर वर्कस्टेशन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सस्पेंड म्हणजे डिस्कवर लिहिणं, नुसतं गोठवायचं तर तिथे पॉज आहे. म्हणून कुणी "सस्पेंड स्लो आहे" म्हणालं की माझा पहिला प्रश्न, कुठलं?

आपल्याला छळतं ते डिस्कवर लिहिणारं. गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या, रॅममधलं प्रत्येक पान (रॅमचा छोटा तुकडा) उचलायचं आणि एका मोठ्या फाइलीत टाकायचं. ८ जीबी रॅम असेल तर ढोबळमानाने ८ जीबी लिहिणं आलं. धडधाकट हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास देते. म्हणजे माझे २२ जीबी अडीच मिनिटांत उतरायला हवेत. मी दोन वर्षं याच हिशेबावर निर्धास्त होतो.

प्रत्यक्षात काय झालं ते मागच्या बूटच्या लॉगमध्ये होतं. "जर्नलसीटीएल", युनिट लिबव्हर्ट-गेस्ट्स, बूट वजा एक. पहिल्या विंडोजची चाल इतकी मंद होती की पूर्ण सेव्हला ८ मिनिटं ५० सेकंद लागली असती. म्हणजे सेकंदाला जेमतेम १५ एमबी. ती अर्धीही झाली नव्हती आणि तिथे लॉग तुटला, कारण यूपीएसने मान टाकली.

लॉग असाच वाचत गेलात तर आणखी एक गोष्ट कळते. ही सर्व्हिस एकीनंतर एक व्हीएम सेव्ह करते. "पॅरलल शटडाउन" नावाचं सेटिंग आहे, पण ते शटडाउनसाठी, सस्पेंडला लागू होत नाही. म्हणजे पहिली सेव्ह होत असताना बाकीच्या तीन जिवंत असतात, आपापलं वाचणं-लिहिणं चालू ठेवतात, आणि सगळ्यांच्या इमेज त्याच दोन डिस्कवर. सलग लिहिणारं डोकं दर क्षणाला दुसरीकडे पळतं. ७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते, सरासरी अर्धी फेरी थांबायचं, वर डोकं सरकायचा वेळ. म्हणून दीडशे एमबीचे पन्नास होणं मी समजू शकतो. पंधरा नाही.

चाचणी फसवते ती अशी

पहिल्या खेपेनंतर मी रविवारी जाऊन चाचणी घेतली होती. सर्व्हर नुकताच रीस्टार्ट केलेला, चारही व्हीएम ताज्या. सेव्ह करून पाहिलं, भराभर झालं. "भाई, आता ठीक आहे," सांगून घरी आलो. तीन आठवड्यांनी परत फोन.

चूक माझी. क्यूइमू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) रॅम लिहिताना पूर्ण शून्य असलेली पानं लिहीत नाही, त्यांच्या जागी नुसती खूण ठेवतो. ताज्या व्हीएमची निम्म्याहून जास्त रॅम शून्यच असते, त्यामुळे ८ जीबीची व्हीएम दोन जीबी लिहून मोकळी होते. तीच व्हीएम तीन आठवडे चालली की रॅम भरते. लिनक्सचं तर विचारूच नका. माझ्या फाइल सर्व्हरला स्वतःला लागते जेमतेम पाऊण जीबी, उरलेले सव्वातीन जीबी म्हणजे डिस्कवरच्याच फाइलींच्या प्रती, कॅशमध्ये ठेवलेल्या. म्हणजे डिस्कवर आहे तेच परत डिस्कवर लिहिण्यासाठी मी यूपीएसची बॅटरी जाळत होतो!

गेस्टमध्ये कॅश रिकामी केली तर? मीही ते करून पाहिलं. उपयोग शून्य, कारण मोकळं झालेलं पान लिनक्स पुसत नाही, जुना कचरा तसाच राहतो आणि क्यूइमूला ते भरलेलंच दिसतं. चालतं ते बलून. "व्हर्श सेटमेम" देऊन गेस्टची रॅम सेव्हच्या आधी ४ वरून १ जीबीवर आणली की बलून ती पानं होस्टला परत करतो, आणि सेव्ह करताना ती शून्य म्हणून वाचली जातात. गेस्टमध्ये बलूनचा ड्रायव्हर हवा. विंडोजमध्ये तो वेगळा घालावा लागतो.

तेव्हा चाचणी घ्यायची तर आठवडाभर चाललेल्या व्हीएमवर घ्या. "मॅनेज्डसेव्ह" पुढे "व्हर्बोज" लावलं की टक्के दिसत राहतात.

दोन डिस्क, दोन चेहरे

खरी चाचणी मी एका शुक्रवारी संध्याकाळी घेतली. शुक्रवारी म्हापशात जायचं म्हणजे बाजाराच्या गर्दीत गाडी कुठे लावायची हाच अर्धा प्रकल्प, पण ऑफिस लवकर बंद होतं. एका खिडकीत सेव्ह, दुसरीत "आयओस्टॅट, डॅश एक्स, एक". ही कमांड सिसस्टॅट पॅकेजमध्ये येते आणि दर सेकंदाला प्रत्येक डिस्कचा हिशेब दाखवते. बघायचे रकाने दोनच: लिहिण्याला लागणारी सरासरी वाट आणि डिस्क किती टक्के व्यस्त.

एसडीए (पहिली डिस्क): वाट १२ मिलिसेकंद, व्यस्त ४० टक्के. एसडीबी (दुसरी): वाट २४० मिलिसेकंद, व्यस्त ९९.

मिररमध्ये दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. काम सारखं असून एक घामाघूम आणि दुसरी निवांत, म्हणजे दोष व्हीएममध्ये नाही, लिबव्हर्टमध्ये नाही, एसडीबीच्या वाटेवर आहे. आणि मिररचा नियम असा की लिहिणं दोन्हीकडे झालं तरच झालं. सगळा संसार धीम्या डिस्कच्या चालीने चालतो. वाचणं मात्र कुठल्याही एका डिस्कवरून होतं. म्हणूनच दिवसभर कुणाची तक्रार नव्हती, रोजच्या कामात लिहिणं ते किती! सस्पेंडच्या वेळी जीबी-जीबी लिहायची वेळ आली की बिंग फुटायचं.

मी डिस्क मेली समजून नवी मागवायला निघालो होतो. आधी "स्मार्टसीटीएल" (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) बघितलं ते बरं झालं. डिस्क मरायला टेकली की ५ क्रमांकाचा आकडा (बदललेले सेक्टर) आणि १९७ चा (संशयित सेक्टर) वाढू लागतात. दोन्ही शून्य. वाढला होता १९९, सीआरसी एररचा, साडेतीन हजारांवर. १९९ वाढला की संशय तबकडीवर घेत नाहीत, केबलवर घेतात. डेटा डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेवर खराब होतोय. कर्नलच्या लॉगमध्येही तेच: लिंक रीसेट, परत रीसेट, मग वैतागून वेग १.५ गिगाबिटवर. खरं तर हार्ड डिस्कला १.५ गिगाबिटही जवळपास पुरतं, तेही सेकंदाला दीडशे एमबी होतात. जीव घेतात ते रीसेट. दर रीसेटला पोर्ट काही काळ थिजतं आणि मागची रांग तुंबते.

टॉवर उघडला. केबलच्या टोकाची सोनेरी पट्टी काळपट. आमच्याकडे जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे रात्री एसी बंद करून ठेवलेल्या खोलीत साटा केबलच्या पिनांचं काय होणार? आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही टोकं पुसली, क्लिपवाली नवी केबल लावली. १९९ चा आकडा परत शून्य होत नाही, तो आयुष्यभराचा असतो. लिहून ठेवायचा आणि वाढतो का बघायचं. माझा तिथेच थांबला.

त्याच व्हीएमला आता ४ मिनिटं १० सेकंद. सेकंदाला ३३ एमबी. अर्धा वेळ वाचला, पण दीडशेच्या हिशेबात अजून बसेना.

आणि मग मीच सापडलो

आयओस्टॅट परत लावलं तर आता दोन्ही डिस्क ३० टक्क्यांच्या वर जाईनात. म्हणजे डिस्क वाट बघतेय आणि देणारा देत नाही. "टॉप" (प्रोसेसर कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड) उघडलं. सगळ्यात वर जीझिप, म्हणजे फायली दाबून लहान करणारा प्रोग्राम, एका कोरवर शंभर टक्के.

मी दोन मिनिटं बघतच राहिलो. जीझिप कोणी लावलं? मीच. दोन वर्षांपूर्वी रूट पार्टिशन ४० जीबीचं होतं, सेव्हच्या फायली त्यात बसेनात, म्हणून क्यूइमू डॉट कॉन्फमध्ये "सेव्ह इमेज फॉरमॅट" जीझिप करून टाकला होता. जागा वाचली, मी विसरलो. जीझिप एकाच कोरवर चालतं. सर्व्हरला आठ कोर असले तरी सात बसून राहणार. आणि जुन्या प्रोसेसरवर सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या वर त्याची चाल नाही. ३३ एमबीचं कोडं सुटलं.

तिथे मूळचा पर्याय "रॉ" आहे, म्हणजे जसं आहे तसं लिहा. बाकीच्यांत एलझॉप हलकं आहे. बीझिप-टू आणि एक्सझेड सस्पेंडसाठी कुणी का निवडावं मला कळलेलं नाही. रॉ केलं, लिबव्हर्टची सेवा रीस्टार्ट केली (चालू व्हीएमला धक्का लागत नाही), परत सेव्ह: १ मिनिट ५० सेकंद. आता मात्र डिस्क खऱ्या अर्थाने भरलेली. हे सरळ दुखणं होतं, हार्ड डिस्कचं.

एवढ्यावरून एक ओळखायची रीत सांगतो. सस्पेंड चालू असताना डिस्क व्यस्त असेल आणि एमबी कमी पडत असतील तर डिस्क, केबल, कंट्रोलर किंवा एकमेकांच्या पायात पाय घालणाऱ्या व्हीएम बघा. डिस्क मोकळी असेल आणि तरी वेळ लागत असेल तर टॉप उघडा. मी केलं तसं उलट्या क्रमाने केलंत तरी चालेल, फक्त दोन्ही करा.

रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) असलेल्यांसाठी थोडं वेगळं. कंट्रोलरच्या राइट-बॅक कॅशला (आधी कॅशमध्ये लिहायचं, मग डिस्कवर) बॅटरी असते. ती मेली, किंवा कंट्रोलर तिची मधूनमधून होणारी तपासणी करत असला, की कॅश राइट-थ्रूवर (दर वेळी डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबायचं) जाते आणि लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो. "कधी चालतं, कधी नाही" अशी तक्रार असेल तर आधी त्या बॅटरीची स्थिती बघा. भाईंकडे कंट्रोलर नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

सेव्हला स्वतःची जागा

सेव्हच्या फायली आणि व्हीएमच्या इमेज एकाच डिस्कवर ठेवणं हेच मुळात चुकीचं. लिबव्हर्ट त्या फायली व्हार, लिब, लिबव्हर्ट, क्यूइमू, सेव्ह अशा खोल फोल्डरात ठेवतो. तिथे मी एक २४० जीबीची साटा एसएसडी माउंट केली. सिमलिंकनेही (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) काम होतं म्हणतात, पण एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर हे लिनक्सचे सुरक्षा पहारेकरी असतील तर सिमलिंक कटकटी करते. माउंट सरळ. माउंट केल्यावर फोल्डरची मालकी आणि परवानग्या आधीसारख्या आहेत का बघा, नाहीतर सेव्ह पहिल्याच क्षणी नाकारलं जातं, आणि ते तुम्हाला कळणार ऐन लाईट गेल्यावर.

एसएसडी घेताना मी एकदा फसलो. ड्रॉवरमध्ये पडलेली एक स्वस्तातली लावली. पहिले दहा-बारा जीबी झकास, मग एकदम ६० एमबीवर. अशा डिस्कमध्ये पुढे एक वेगवान कॅश असते, ती भरली की मागची खरी चाल उघडी पडते, आणि ती कधीकधी हार्ड डिस्कपेक्षाही वाईट निघते. म्हणून एसएसडी तपासताना एक जीबीची फाइल लिहून खूश होऊ नका. "फिओ" (डिस्कचा वेग मोजणारं टूल) घ्या, डायरेक्ट चालू, ब्लॉक एक एमबी, आकार ३० जीबी, आणि शेवटचा वेग बघा. दुसरी घेतली ती शेवटपर्यंत साडेतीनशेच्या खाली आली नाही. ८ जीबीची विंडोज २४ सेकंदांत.

"बायपास कॅश" हे सेटिंग एक केलं. त्याने सेव्हची फाइल होस्टच्या कॅशला वळसा घालून थेट डिस्कवर जाते. वेळ फारसा वाचला नाही, पण बाकीच्या व्हीएम मधेच गुदमरायच्या त्या थांबल्या. सेटिंगच्याच टिपणीत लिहिलंय की काही फाइल सिस्टिमवर यामुळे काम धीमंही होऊ शकतं, तेव्हा मोजून बघा. डर्टी रेशो आणि डर्टी बॅकग्राउंड रेशो (डिस्कवर जायचं बाकी असलेलं रॅममध्ये किती साठू द्यायचं त्या मर्यादा, मुळात २० आणि १० टक्के) कमी करायचा सल्लाही सगळीकडे सापडतो. त्याने काय होतं, तर लिहिण्याचे मोठे लोंढे बारीक होतात. सगळं मिळून वेळ तेवढाच. डिस्क जितकं पिते तितकंच पिणार.

मुळात सस्पेंड का?

हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला, खरं तर सगळ्यात आधी विचारायचा. फाइल सर्व्हरच्या रॅममध्ये जपण्यासारखं काहीच नाही. शटडाउन दिला की पंधरा-वीस सेकंदांत बंद होतो. त्याला सस्पेंड करणं म्हणजे कचरा सांभाळून ठेवणं. बॅकअपवालीचंही तेच.

विंडोजचं मात्र मी सस्पेंडच ठेवलं. कारणं दोन. रात्री कुणीतरी व्हाउचर अर्धवट उघडं ठेवून गेलेलं असतं. आणि विंडोजला शटडाउन दिलं की त्याला नेमकं तेव्हाच अपडेट बसवायची हुक्की येऊ शकते, "कृपया संगणक बंद करू नका" म्हणत. यूपीएसला ते वाचता येत नाही.

लिबव्हर्ट-गेस्ट्समध्ये "या बंद करा, त्या सेव्ह करा" असं व्हीएमनुसार सांगायची सोय माझ्या आवृत्तीत नाही. म्हणून दहा ओळींची स्क्रिप्ट: आधी दोन्ही लिनक्सना शटडाउन, मग दोन्ही विंडोजना एकदम मॅनेज्डसेव्ह. एसएसडीवर दोन सेव्ह बरोबरीने चालतात, हार्ड डिस्क असती तर हे केलं नसतं. सगळं मिळून १ मिनिट १० सेकंद.

ही स्क्रिप्ट चालवतो नट. गोव्यात नट म्हटलं की लोकांना नाटकातलाच आठवतो, पण हे यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. इथेही एक खड्डा होता. यूपीएस मी घड्याळ लावून रिकामा केला तेव्हा ११ मिनिटं चालला होता. पण सर्व्हरला बंद व्हायचा निरोप मिळत होता "बॅटरी लो" झाल्यावर, म्हणजे शेवटची चारेक मिनिटं उरल्यावर. मी अकराच्या भरवशावर, हातात चारच. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं असं मानतात, आणि आमची बॅटरी उन्हाळ्यात बंद खोलीत शिजते. चार पुढच्या वर्षी तीन होणारच. आता नटच्या शेड्यूलरमध्ये टायमर आहे: सलग तीन मिनिटं लाईट नसेल तर निरोपाची वाट न बघता आवराआवर सुरू. अर्ध्या मिनिटात जाऊन येणाऱ्या लाईटकडे दुर्लक्ष, पावसाळ्यात तशी दिवसातून पाच वेळा जाते.

दुसरं काही वापरत असाल तर हिशेब तोच, बटणं वेगळी. व्हर्च्युअलबॉक्स सेव्ह स्टेट मशीनच्या स्नॅपशॉट फोल्डरात टाकतो. तो फोल्डर सेटिंगमधून वेगळ्या डिस्कवर नेता येतो. हायपर-व्हीमध्ये होस्ट बंद होताना व्हीएमची स्थिती सेव्ह करणं हाच ठरलेला पर्याय असतो. ऑटोमॅटिक स्टॉप ॲक्शनमध्ये जाऊन गेस्ट शटडाउन निवडा, रॅमएवढी राखून ठेवलेली डिस्कची जागाही मोकळी होते. व्हीएमवेअर वर्कस्टेशनवाल्यांनी "मेनमेम यूज नेम्डफाइल" फॉल्स करायचा सल्ला वाचला असेल. त्याने व्हीएम चालू असताना डिस्कची खडखड कमी होते, पण सस्पेंडला जास्त वेळ लागतो, कारण जे एरवी हळूहळू फाइलीत जात असतं ते सगळं शेवटी एकदम लिहावं लागतं. वरचेवर सस्पेंड करणाऱ्याने ते करू नये. होस्ट विंडोज असेल तर व्हीएमचा फोल्डर अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

आणि सेव्ह अर्धवट राहिलं तर? लिबव्हर्ट अर्धवट फाइलीवर तशी खूण ठेवतो. पुढच्या वेळी ती खूण दिसली की फाइल टाकून देतो आणि व्हीएम नव्याने बूट करतो. गेस्टच्या दृष्टीने कुणीतरी प्लग उपसला. भाईंच्या सकाळच्या निळ्या पडद्याचं कारण हेच. उलट पूर्ण सेव्ह झालेली व्हीएम असेल तर तिच्या डिस्क इमेजला बाहेरून हात लावू नका, तिच्या आठवणीत जुनी डिस्क असते. नव्याने बूट करायचीच असेल तर आधी "मॅनेज्डसेव्ह-रिमूव्ह".

चवथीला ऑफिस पाच दिवस बंद होतं. दुसऱ्या रात्री लाईट गेली ती दीड तास आलीच नाही. मी घरी, डिचोलीला, आरतीच्या मधे फोनवर लॉग आला: चारही व्हीएम वेळेत आवरल्या, सर्व्हर नीट बंद. मोदक जास्तच गोड लागला.

ऑफिस उघडलं त्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भाईंचा फोन. "परत तेंच जालें रे."

तेच नव्हतं. लाईट आल्यावर सर्व्हर चालू झाला होता, व्हीएम एकही चालू नव्हती. लिबव्हर्ट-गेस्ट्स बंद होताना कोण कोण चालू आहे याची यादी करून ठेवते आणि बूटला त्या यादीतल्या व्हीएम उठवते. माझ्या स्क्रिप्टने तिच्या आधीच सगळ्या झोपवल्या होत्या, त्यामुळे यादी कोरी. चारही व्हीएमना "व्हर्श ऑटोस्टार्ट" लावलं. आता लिबव्हर्ट स्वतः त्यांना उठवतो, आणि सेव्ह केलेली असेल तर तिथूनच पुढे. टॅलीत ते अर्धवट व्हाउचर अजून उघडंच होतं.